आठ जिल्हे, एक पान: तक्ता द्यावा, आलेख काढावा की सहसंबंध मोजावा?

विद्यार्थ्यांचे प्रकल्प अहवाल चाळताना एक गोष्ट हमखास दिसते. चौतिसाव्या पानावर तक्ता, पस्तिसाव्यावर त्याच तक्त्याचा स्तंभालेख, छत्तिसाव्यावर त्याच आकड्यांचा रंगीत वृत्तालेख. त्याखाली ठरलेलं वाक्य: 'वरील तक्त्यावरून असे दिसून येते की...' आणि पुढे तक्त्यातलेच आकडे अक्षरांत. अहवाल जाड होतो, पण वाचणाऱ्याला पहिल्या पानावर जे कळलं त्यापलीकडे काही कळत नाही. शेवटच्या प्रकरणात अचानक 'सहसंबंध गुणांक', म्हणजे दोन गोष्टी एकमेकींबरोबर किती बदलतात ते सांगणारा आकडा, उगवतो, दोन दशांश स्थळांपर्यंत, आणि त्याच्या जिवावर एखादा मोठा निष्कर्ष काढलेला असतो.

हे टाळायचं तर निवड करावी लागते. एका गोष्टीसाठी एकच पान मिळणार आहे असं धरा. त्या पानावर तक्ता ठेवायचा, आलेख ठेवायचा की गुणांक? तिन्हींची नुसती वर्णनं वाचून हे ठरत नाही. म्हणून एकच आकडेवारी घेऊन ती तिन्हींतून काढून पाहू. आकडे २०११च्या जनगणनेचे आहेत, महाराष्ट्रातल्या आठ जिल्ह्यांचे. लोकसंख्या लाखांत, लिंग गुणोत्तर म्हणजे दर हजार पुरुषांमागे स्त्रिया, आणि साक्षरता सात वर्षं व त्यापुढच्या वयाच्या लोकांची, पूर्ण टक्क्यांत.

| जिल्हा | लोकसंख्या (लाख) | लिंग गुणोत्तर | साक्षरता (%) |
|---|---|---|---|
| रत्नागिरी | १६.२ | ११२२ | ८२ |
| सिंधुदुर्ग | ८.५ | १०३६ | ८६ |
| गडचिरोली | १०.७ | ९८२ | ७४ |
| नंदुरबार | १६.५ | ९७८ | ६४ |
| नागपूर | ४६.५ | ९५१ | ८८ |
| पुणे | ९४.३ | ९१५ | ८६ |
| ठाणे | ११०.६ | ८८६ | ८५ |
| मुंबई उपनगर | ९३.६ | ८६० | ९० |

हे आठ जिल्हे मी मुद्दाम निवडले आहेत, चिठ्ठ्या टाकून नाही. पुढे याचा संबंध येणार आहे.

तक्ता: शोधणाऱ्यासाठी

तक्त्याची ताकद एकच, पण ती दुसऱ्या कशात नाही: नेमका आकडा. 'सिंधुदुर्गाची साक्षरता किती?' हा प्रश्न घेऊन येणाऱ्याला आलेख दाखवणं म्हणजे पत्ता विचारणाऱ्याला डोंगरावर नेऊन गाव दाखवण्यासारखं. ज्याला हे आकडे उचलून पुढे स्वतःच्या हिशोबात वापरायचे आहेत, त्यालाही तक्ताच हवा. वेगवेगळ्या एककांचे आकडे शेजारीशेजारी ठेवायचे असतील तरी तक्ताच बरा. लाख, दर हजारी आणि टक्के हे तिन्ही एका आलेखात कोंबले की वाचणाऱ्याची दमछाक होते.

तक्ता वाईट होतो तो बहुतेक वेळा क्रमामुळे. जिल्हे अकारविल्हे लावायची आपल्याला सरकारी कागदांनी सवय लावली आहे. वर गडचिरोली, मग ठाणे, मग नंदुरबार अशी रांग लावली असती तर लिंग गुणोत्तराचा स्तंभ वर-खाली उड्या मारत गेला असता. मी त्याच स्तंभाप्रमाणे उतरता क्रम लावला. तेवढ्यानं कोकणातले दोन जिल्हे वर आणि मुंबईच्या बाजूचे दोन खाली आपोआप गेले. क्रम नीट लावलेला तक्ता निम्मा आलेखच असतो. दशांश स्थळंही तशीच. साक्षरता ८२.१८ लिहिली की अभ्यास दांडगा वाटतो खरा, पण वाचणाऱ्याच्या डोक्यात ८२ एवढंच उरतं. मग ८२च लिहा.

एक धोका मात्र तक्त्यातच दडलेला आहे: खालची 'सरासरी'ची ओळ. एक्सेलमध्ये स्तंभ निवडला की सरासरी आयती मिळते आणि हात तिकडे जातोच. वरच्या आठ लिंग गुणोत्तरांची साधी सरासरी ९६६ येते. पण या आठ जिल्ह्यांतले सगळे पुरुष आणि सगळ्या स्त्रिया खरोखर एकत्र मोजल्या तर गुणोत्तर ९१२च्या आसपास निघतं. साध्या सरासरीत साडेआठ लाखांच्या सिंधुदुर्गाला आणि एक कोटी दहा लाखांच्या ठाण्याला एकच मत मिळालं, म्हणून हा चोपन्नाचा फरक. दर, टक्के, गुणोत्तरं यांची साधी सरासरी काढायचीच नाही, असा मी स्वतःपुरता नियम केला आहे. मूळ संख्या हाताशी असतील तर त्यांवरून नवा दर काढा. नसतील तर ती ओळ रिकामी ठेवा.

स्तंभालेख आणि वृत्तालेख

तुलना दाखवायची तर स्तंभालेख आणि हिस्सा दाखवायचा तर वृत्तालेख, हे शाळेत शिकवलेलं असतं. तरी प्रत्यक्षात वृत्तालेख नको तिथे इतका दिसतो की त्याला बराच वेळ हात लावू नये असं वाटतं.

विल्यम प्लेफेअर या स्कॉटिश माणसानं स्तंभालेख १७८६ साली छापला आणि वृत्तालेख १८०१ साली. दोन्ही कल्पना एकाच डोक्यातून निघाल्या, पण वाचणाऱ्याच्या डोळ्यासाठी त्या सारख्या नाहीत. विल्यम क्लीव्हलंड आणि रॉबर्ट मॅकगिल यांनी १९८४ साली लोकांना वेगवेगळे आलेख दाखवून अंदाज विचारले. एकाच मोजपट्टीवरची जागा माणूस सगळ्यात अचूक ओळखतो. कोनाचा अंदाज त्याहून चुकतो, क्षेत्रफळाचा आणखी चुकतो. स्तंभाचं टोक मोजपट्टीवर असतं आणि वृत्तालेखाची फोड कोनात असते. फरक इथेच आहे.

आता आपले आकडे घ्या. आठ जिल्ह्यांच्या साक्षरतेचा वृत्तालेख काढता येईल का? एक्सेल काढून देईल, हूं की चूं करणार नाही. पण त्या आठ आकड्यांची बेरीज ६५५ येते. सहाशे पंचावन्न टक्के म्हणजे कशाचे हिस्से? वर्तुळ म्हणजे एक अख्खी गोष्ट, आणि फोडी तिचेच तुकडे असायला हवेत. साक्षरतेचे दर एका अख्ख्याचे तुकडे नाहीत, लिंग गुणोत्तरही नाही. असे वृत्तालेख मी बरेच पाहिले आहेत, आणि ते काढणाऱ्यांना गणित येत नव्हतं असंही नाही. आलेखाच्या यादीत तो रंगीत दिसला, एवढंच.

वृत्तालेख शोभतो कुठे? २०११ साली महाराष्ट्राची ४५.२ टक्के लोकसंख्या शहरी होती आणि ५४.८ टक्के ग्रामीण. केंद्रीय कोन अनुक्रमे सुमारे १६३ आणि १९७ अंश. दोनच फोडी, अर्ध्याच्या जवळपास, आणि सांगायचं एवढंच की 'शहर आता जवळजवळ निम्मं झालंय'. हे वर्तुळात एका नजरेत कळतं. चार-पाचाच्या वर फोडी गेल्या, किंवा दोन फोडींत मोठी कोणती हे वाचणाऱ्यानं सांगावं अशी अपेक्षा असली, की स्तंभांकडे वळा. आणि शेवटी झेरॉक्स काढली जाणार आहे, हेही लक्षात ठेवा. निळी आणि हिरवी फोड काळ्या-पांढऱ्यात जुळ्या बहिणी होतात.

स्तंभालेखातली नेहमीची चलाखी म्हणजे अक्ष शून्यापासून सुरू न करणं. मुंबई उपनगराची साक्षरता ९०, नंदुरबारची ६४. खरं प्रमाण १.४ पटीचं. अक्ष ६०पासून सुरू केला तर एक स्तंभ ३० उंचीचा, दुसरा ४चा. नंदुरबार साडेसात पट खुजं दिसतं. स्तंभाची लांबी हाच त्याचा अर्थ असतो, त्यामुळे तो पायापासून कापला की खोटं बोललं जातं, हेतू असो वा नसो.

मग लिंग गुणोत्तराचं काय करायचं? तिथे शून्यापासून स्तंभ काढले तर ८६० आणि ११२२ जवळपास सारखेच उंच वाटतात, आणि सांगायचं ते हरवतं. इथे मी स्तंभच सोडतो. एक आडवी पट्टी घ्यायची, मध्ये १०००ची उभी रेघ, आणि प्रत्येक जिल्ह्याचा त्या पट्टीवर एक ठिपका. ठिपक्याला लांबी नसते, फक्त जागा असते, म्हणून पट्टी ८५०पासून सुरू केली तरी फसवणूक होत नाही. उजवीकडे दोनच ठिपके, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग. बाकी सहा डावीकडे. तक्त्यात हे शोधावं लागतं, इथे ते समोर येतं.

रेषालेख: काळ असेल तरच

याबद्दल फार बोलायचं नाही. आडव्या अक्षावर वर्षं, महिने, तास असं काही असेल तरच रेघ जोडा. पुण्याच्या ठिपक्यापासून रत्नागिरीच्या ठिपक्यापर्यंत रेघ ओढली तर त्या रेघेच्या मधोमध काय आहे? वरंधा घाट? रेघ सांगते की मधल्या जागीही काहीतरी मोजता येतं. जिल्ह्यांच्या मध्ये तसं काही नसतं, वर्षांच्या मध्ये असतं.

पण काळ असला की रेषालेखाशी तक्ता बरोबरी करू शकत नाही. महाराष्ट्राचं एकूण लिंग गुणोत्तर १९०१ साली ९७८ होतं. १९५१ला ९४१, १९७१ला ९३०, १९९१ला ९३४, २००१ला ९२२, २०११ला ९२९. शेवटचे दोन आकडे पाहून 'सुधारणा झाली' असं म्हणता येतं आणि म्हटलं गेलंही. आता त्याच कागदावर शून्य ते सहा वयाच्या मुलामुलींची दुसरी रेघ काढा: १९९१ला ९४६, २००१ला ९१३, २०११ला ८९४. शेवटच्या दशकात एक रेघ वर चढते आणि दुसरी खाली उतरते. दोन रेघांची ही फारकत एका वाक्यात सांगता येते, पण दिसली की विसरता येत नाही. वीस ओळींचं विश्लेषण वाचायला वेळ नसलेल्या अधिकाऱ्यासमोर हाच आलेख ठेवावा.

इथे एक खबरदारी. दोन्ही रेघांना एकच अक्ष हवा. डावीकडे एक मोजपट्टी आणि उजवीकडे दुसरी, असा दुहेरी अक्ष घेतला की रेघा कुठे छेदतील हे आपण ठरवतो, आकडे ठरवत नाहीत. आणि मोजण्याची व्याख्या मध्येच बदलली असेल तर तिथे रेघ तोडायची. साक्षरतेचा दर १९९१पासून सात वर्षांवरील लोकांचा काढतात, त्याआधी वयाची अट वेगळी होती. तिथे सलग रेघ ओढणं म्हणजे दोन वेगळ्या गोष्टी शिवून एक करणं.

नकाशाबद्दलही याच ओघात. जिल्हावार रंगवलेला नकाशा सगळ्यांना आवडतो, वर्तमानपत्रांनाही. पण गडचिरोली १४,४१२ चौरस किलोमीटरची आहे आणि तिथे पावणेअकरा लाख लोक आहेत. मुंबई उपनगर पाचशे चौरस किलोमीटरपेक्षाही लहान, आणि तिथे नव्वद लाखांहून जास्त. नकाशावर गडचिरोली सगळ्यांना दिसते, उपनगराचा टिपका शोधावा लागतो. जमीन मोठी तर माहिती मोठी असा भास होतो. प्रश्न जागेचा असेल, उदाहरणार्थ पावसाचा किंवा धरणांचा, तर नकाशा घ्या. माणसांचा असेल तर जपून.

सहसंबंध: एका आकड्याची भुरळ

आता खरा पेच. वरचा तक्ता पुन्हा पाहा. साक्षरता जास्त असलेल्या मुंबई उपनगरात स्त्रियांचं प्रमाण सगळ्यात कमी, आणि साक्षरता कमी असलेल्या नंदुरबार-गडचिरोलीत ते बरंच चांगलं. डोक्यात लगेच प्रश्न येतो: साक्षरता आणि लिंग गुणोत्तर यांचा संबंध आहे का? हा प्रश्न तक्त्याचा नाही, स्तंभांचाही नाही. दोन चलं, म्हणजे बदलत्या राशी, एकमेकांबरोबर कशी हलतात हा प्रश्न आहे, आणि त्याला दोनच साधनं लागू पडतात: विकीर्ण आलेख (प्रत्येक जोडीसाठी एक ठिपका) किंवा सहसंबंध गुणांक. निवड या दोघांतली आहे.

गुणांक सोपा वाटतो. कार्ल पिअर्सन यांच्या नावानं ओळखला जाणारा गुणांक उणे एक ते अधिक एक यांच्यामध्ये असतो, एक्सेल तो क्षणात देतं. आपल्या आठ जिल्ह्यांसाठी तो उणे ०.२८ येतो. म्हणजे संबंध उलटा, पण क्षीण. अहवालात लिहायचं झालं तर 'उल्लेखनीय सहसंबंध आढळला नाही'. इथे बहुतेक जण थांबतात.

आता हेच आठ ठिपके कागदावर मांडा. आडव्या अक्षावर साक्षरता, उभ्यावर लिंग गुणोत्तर. सहा ठिपके डावीकडे वरून उजवीकडे खाली उतरत जातात: नंदुरबार, गडचिरोली, मग पुणे, ठाणे, नागपूर थोडे विखुरलेले, शेवटी मुंबई उपनगर. आणि दोन ठिपके या सगळ्यांना फटकून, वरच्या उजव्या बाजूला एकटे: रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग. ते दोन बाजूला ठेवून उरलेल्या सहांचा गुणांक काढला तर तो उणे ०.७६ येतो.

उणे ०.२८ आणि उणे ०.७६. दोन ओळी खोडल्या आणि 'संबंध नाही'चं 'चांगलाच संबंध आहे' झालं. गुणांकाचा आकडा एकटा छापला असता तर ही गोष्ट कुणालाही कळली नसती, ना लिहिणाऱ्याला ना वाचणाऱ्याला. फ्रान्सिस अँस्कम यांनी १९७३ साली हेच दाखवायला प्रत्येकी अकरा जोड्यांचे चार संच बनवले होते. चारही संचांत एका चलाची सरासरी ९, दुसऱ्याची ७.५, सहसंबंध ०.८१६, आणि मधून जाणारी सरळ रेघही तीच. आलेख काढला की एक संच साधारण सरळ, एक कमानीसारखा वळलेला, एकात सरळ रांगेतून एकच ठिपका निसटलेला, आणि एकात दहा ठिपके एकाच उभ्या रेघेवर नि अकरावा लांब कोपऱ्यात. त्यांनी ते संच मुद्दाम घडवले होते. आपल्याला जनगणनेच्या छापील आकड्यांतच तसा प्रकार मिळाला.

तर मग कोकण वगळून उणे ०.७६ छापायचं का? नाही. फटकून असलेला ठिपका ही चूक आहे की बातमी, हे आधी ठरवावं लागतं. २६ जुलै २००५ला सांताक्रूझच्या वेधशाळेत २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला आणि त्याच शहरात कुलाब्याला ७३. आकडेवारी 'स्वच्छ' करायला बसलेल्या माणसानं ९४४ला टंकलेखनाची चूक समजून खोडलं असतं तर मुंबईच्या इतिहासातला तो दिवसच पुसला गेला असता. रत्नागिरीचं ११२२ही असंच. तिथले पुरुष गेले कुठे, हे कोकणातल्या कुठल्याही घरात विचारा. चाकरमानी मुंबईला, गणपतीला आणि शिमग्याला परत. म्हणजे रत्नागिरीत पुरुष कमी आणि मुंबईत जास्त, या दोन वेगळ्या नोंदी नाहीत. एकाच स्थलांतराची ती दोन टोकं आहेत. एक टोक खोडायचं आणि दुसरं ठेवून सहसंबंध मोजायचा, हे कुठल्या न्यायात बसतं?

आणि मग उतरत जाणारे ते सहा ठिपके तरी काय सांगतात? 'शिक्षण वाढलं की स्त्रिया कमी होतात' असं नक्कीच नाही, जरी उणे ०.७६ हातात धरून तसं वाक्य लिहिणारा कुणीतरी भेटेलच. मुंबई, ठाणे, पुणे इथे कामासाठी देशभरातून पुरुष येतात, म्हणून गुणोत्तर खाली. तीच शहरं असल्यामुळे तिथे शाळा जास्त, म्हणून साक्षरता वर. दोन्ही गोष्टी शहरामुळे होतात, एकमेकींमुळे नाही. दुसऱ्या टोकाला नंदुरबार, जिथे निम्म्याहून अधिक लोक आदिवासी आहेत: तिथे स्त्रियांचं प्रमाण पूर्वापार चांगलं, शाळा उशिरा पोहोचल्या. तिसरी गोष्ट मागून दोऱ्या ओढत असते आणि आपण पुढच्या दोन बाहुल्यांचं नातं जुळवत बसतो.

खातरजमा करायची तर चल बदलून पाहा. स्थलांतर मोठ्यांचं असतं, शून्य ते सहा वयाची मुलं एकटी स्थलांतर करत नाहीत. मुंबई उपनगराचं एकूण गुणोत्तर ८६०, पण बालकांचं ९१३. बीडचं एकूण ९१६, म्हणजे उपनगरापेक्षा कितीतरी बरं, आणि बालकांचं ८०७. उपनगरात पुरुष बाहेरून आले होते. बीडमध्ये मुली जन्मालाच येऊ दिल्या गेल्या नव्हत्या. एकूण गुणोत्तरावर सहसंबंध मोजत बसलेल्या अहवालाला हा फरक दिसलाच नसता, मग गुणांक कितीही नेमका असो.

संख्या किती आहेत हेही पाहावं लागतं. सहा जोड्या असतील तर पाच टक्के पातळीवर सार्थ, म्हणजे निव्वळ योगायोग नसावा असं, म्हणण्यासाठी गुणांक (चिन्ह सोडून) ०.८११च्या पुढे हवा, आठ जोड्या असतील तर ०.७०७च्या पुढे. म्हणजे आपलं भरघोस वाटणारं ०.७६ त्या कसोटीलाही उतरत नाही. शिवाय ही कसोटी यादृच्छिक, म्हणजे चिठ्ठ्या टाकून निवडल्यासारख्या, नमुन्यासाठी आहे. मी जिल्हे हातानं निवडलेत, त्यामुळे ती लावण्याचा अधिकारच मला नाही. तुमच्या प्रकल्पात 'सोयीनुसार निवडलेले' तीस जण असतील तर तुम्हालाही नाही, हे मार्गदर्शकांनी सांगितलं नसेल तर इथे सांगतो.

पिअर्सनऐवजी स्पिअरमनचा क्रमसहसंबंध घ्यावा का, हा प्रश्न विद्यार्थी विचारतात. त्यात आकड्यांऐवजी क्रमांक लागतात, त्यामुळे रत्नागिरी ११२२ असली काय किंवा १०४० असली काय, तिचा क्रमांक पहिलाच. एकट्या ठिपक्याचा जोर कमी होतो. आपल्या आठ जिल्ह्यांसाठी तो सुमारे उणे ०.५२ येतो, दोन्ही आकड्यांच्या मध्ये. ठिपके फार विखुरलेले असतील, किंवा मुळात आवड-नापसंतीसारखे क्रमच मोजले असतील, तर स्पिअरमन बरा. पण स्थलांतराचा दोष तोही दुरुस्त करत नाही.

माझी निवड स्पष्ट आहे. विकीर्ण आलेख आधी, प्रत्येक ठिपक्याला जिल्ह्याचं नाव लिहून. गुणांक द्यायचाच असेल तर त्याच आलेखाच्या कोपऱ्यात, जोड्यांच्या संख्येसह. आलेखाशिवाय गुणांक छापू नये. गुणांकाशिवाय आलेख मात्र खुशाल छापावा. फक्त ठिपके हजारोंच्या घरात गेले तर आलेखाचा काळा ढग होतो आणि तिथे गुणांकाला मान द्यावा लागतो. आठ, छत्तीस, अगदी साडेतीनशे तालुके, इथवर ठिपकेच बरे.

तर तुमच्या पानावर काय?

ग्रामसभेत किंवा पालकसभेत भिंतीवर लावायचं असेल तर आडवा स्तंभालेख. आडवा यासाठी की जिल्ह्यांची, गावांची नावं मराठीत लांब असतात आणि उभ्या स्तंभांखाली ती तिरकी होऊन मान वाकडी करायला लावतात. स्तंभाच्या टोकाला आकडा लिहा, मग अक्ष आणि जाळीच्या रेघा काढून टाकल्या तरी चालतं.

जिल्हा परिषदेला किंवा देणगीदार संस्थेला अहवाल द्यायचा असेल तर मुख्य पानावर एक आलेख, परिशिष्टात पूर्ण तक्ता. उलट करू नका. निर्णय घेणारा माणूस परिशिष्टापर्यंत जात नाही, आणि त्याचा कारकून थेट तिथेच जातो.

प्रबंध असेल तर तक्ता मुख्य मजकुरातच हवा, कारण परीक्षक आकडे पडताळतो. मग त्याच आकड्यांचा आलेख पुन्हा देऊ नका. आलेखाच्या जागेत दुसरा प्रश्न घ्या, जो तक्ता विचारू शकत नाही. आणि 'वरील तक्त्यावरून असे दिसून येते की' नंतर आकडा येणार असेल तर ते वाक्य खोडा. कारण किंवा शंका येणार असेल तर ठेवा.

व्हॉट्सॲपवर फिरणार असेल तर तक्ता विसरा. मोबाइलच्या पडद्यावर तीन स्तंभांपुढचं कुणी वाचत नाही. एकच आलेख, आणि शीर्षकातच निष्कर्ष: 'जिल्हानिहाय लिंग गुणोत्तर' असं नाही, 'रत्नागिरी-सिंधुदुर्गात पुरुषांपेक्षा स्त्रिया जास्त' असं.

काहीही निवडलंत तरी खाली दोन ओळींची टीप लागणारच. २०११चे आकडे दोन प्रकारचे फिरतात, तात्पुरते आणि अंतिम. राज्याचं लिंग गुणोत्तर एकीकडे ९२५ दिसतं, दुसरीकडे ९२९. बालकांचं ८८३ आणि ८९४. बीडचं ८०१ आणि ८०७. दोन्ही खरे, पण एकाच तक्त्यात मिसळले तर खोटे, म्हणून कुठले घेतलेत ते लिहा. मी वर अंतिम घेतले आहेत. आणि माझ्या तक्त्यातलं ठाणे हे आजचं ठाणे नाही. पालघर १ ऑगस्ट २०१४ला वेगळा जिल्हा झाला, २०११च्या एक कोटी दहा लाखांत तो धरलेला आहे. २०२१ची जनगणना झालीच नाही. पुढच्या जनगणनेची संदर्भ तारीख १ मार्च २०२७ आहे. ते आकडे आले की ठाण्याचा स्तंभ एकदम खुजा होईल, आणि तेव्हा कुणीतरी 'ठाण्याची लोकसंख्या घटली' असा रेषालेख काढू नये म्हणून ही टीप आत्तापासूनच लिहून ठेवलेली बरी.